फळीमागची जागा

"अहो, एका सहीला एवढा विचार कसला करताय, मास्तर?"

रघू शेडगेने कागद तिसऱ्यांदा पुढे केला. मुल्लामास्तरांनी तो तिसऱ्यांदाही घेतला नाही. छावणीच्या मैदानावर गोलच्या मागे पाट टाकून ते फाटलेली जाळी विणत बसले होते. हातात लाकडी सुई, तिला गुंडाळलेली नायलॉनची दोरी, आणि डोळ्यांवर कानाला दोरा बांधलेला चष्मा.

"एकशे बारा सह्या झाल्यात. तुमची एक झाली की कमिटीला ऐकावंच लागेल."

"काय ऐकावं लागेल?"

"एडविनला काढा म्हणून! परवाच्या मॅचला गोलमध्ये तो नको."

मास्तरांनी गाठ आवळली. दुसरी घेतली...

रघूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं तर ती सकाळपासूनच चढत होती. लालपट्टी क्लबची हॉकी टीम शहराच्या लीगमध्ये सहा मॅच खेळली होती. एक जिंकली, एक बरोबरीत सोडवली आणि चार हरली. परवाच्या रविवारी शेवटची मॅच. आठ टीममधल्या पहिल्या चार बाद फेरीत जाणार आणि लालपट्टी सहावी. कँटीनच्या ओट्यावर सकाळी चहा आला तो या विषयावरच थंड झाला.

वाघचौरे लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने आकडेमोड करत होता. "अजून जमतंय हो! आपण तीन गोलांनी जिंकायचं. स्टेशनवाल्यांनी तीन गोलांनी हरायचं. पाचव्या नंबरवाल्यांनीही हरायचं. झालो की आपण चौथे!"

"आणि पाऊस उलटा पडायचा, ते लिहायचं राहिलं," पिंटोअंकल म्हणाले. "सोड ना बाबा. हे साल गेलं. नवी पोरं उतरवा, पुढच्या वर्षाचं बघा."

"पुढचं वर्ष?" रघूने कप असा आपटला की बशीचे दोन तुकडे झाले. "तेवीस वर्षं मी पुढचं वर्षच बघतोय, अंकल! आणि तू रे, पेन्सिल ठेव खाली. तीन गोलांनी जिंकायला आधी गोल अडवावे लागतात. एकोणीस खाल्लेत एकोणीस! तो एडविन गोलमध्ये उभा असतो की फोटोला?"

बाकीचे हसले. हसले ते हसले आणि सह्या करायलाही लागले. कागदावर तीन मुद्दे होते. एक, एकोणीस गोल. दोन, पुढे येऊन बॉल अडवत नाही. तिसरा मुद्दा रघूने स्वतः घातला होता आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. "पाठीराख्यांनी हाका मारल्या तरी वळूनही बघत नाही, इतका उद्दाम आहे."

हा तिसरा मुद्दा त्याच्या जिव्हारी लागलेला होता. मागची मॅच हरून टीम बाहेर येत होती तेव्हा दोरीला टेकून त्याने दहा पावलांवरून हाक मारली होती. "एडविन! अरे एडविन!" शिव्या द्यायच्या नव्हत्या त्याला तेव्हा. चल रे, पुढच्या वेळी, एवढंच म्हणायचं होतं. गडी सरळ समोरून निघून गेला. मान वळवायलाही तयार नाही! सगळ्यांच्या देखत.

आणि कुणापुढून? रघू शेडगेपुढून! पन्नाशी ओलांडली तरी मैदानावर सगळ्यांचा रघूच, पण लालपट्टीचा झेंडा तेवीस वर्षं त्याच्या खांद्यावर. कधीकाळी याच मुल्लामास्तरांच्या हाताखाली तो दुसऱ्या टीममध्ये खेळला. पहिल्या टीमचा शर्ट काही अंगाला लागला नाही. म्हणून त्याने झेंडा उचलला. त्याच्या संसारात या झेंड्याइतकी जुनी वस्तू दुसरी नव्हती, आणि त्याच्या बायकोला ते ठाऊक होतं.

"मास्तर, तुम्ही स्वतः तीस वर्षं गोली होतात. तुम्हाला दिसत नाही?"

"मला दिसतंय," मास्तर म्हणाले. "तुला काय दिसलं ते सांग. एकोणिसातले तू किती बघितलेस?"

"सगळे! एक मॅच चुकवलेली नाही."

"कुठून बघितलेस?"

"कुठून म्हणजे? झेंड्याजवळून."

"झेंडा कुठे असतो?"

रघूने मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडे बघितलं.

लालपट्टीची एक रीत आहे आणि ती त्यानेच पाडलेली आहे. टीम ज्या गोलवर चढाई करते त्या गोलमागे झेंडा लागतो. अर्धी मॅच झाली, टीमने बाजू बदलली, की रघू झेंडा उचलतो आणि दोनशे माणसं ढोल वाजवत मैदानाला वळसा घालून त्याच्यामागून दुसऱ्या टोकाला जातात. पहिल्याच वर्षी असा वळसा घातला आणि पाठोपाठ तीन गोल झाले. तेव्हापासून ही रीत मोडायची कुणाची छाती झाली नाही. समोरच्यांच्या गोलच्या तळाची लाकडी फळी बॉल लागून धाडकन वाजली की लालपट्टीवाल्यांच्या अंगावर काटा येतो. तो आवाज त्यांना कानाजवळ हवा असतो.

"समोरच्यांच्या गोलमागे," रघू शेवटी म्हणाला. "म्हणून काय झालं? डोळे आहेत मला. एवढं मैदान दिसतं."

"मागच्या मॅचचा शेवटचा गोल. एडविनला आडवं कोण आलं होतं?"

"कोणी नाही आलं!"

मास्तरांनी सुईला नवी दोरी गुंडाळली. त्यांची दोन बोटं जुन्या मारांनी वाकडी झालेली होती. त्या वाकड्या बोटांनी ते शांतपणे दोरी ओवत राहिले, आणि या शांतपणाची रघूला भयंकर चीड आली.

"कोडी घालू नका मला! सही करायची नसेल तर तसं सांगा. एकदा कळू दे लोकांना, मास्तर कुणाच्या बाजूचे आहेत ते!"

"जाळी धर," मास्तर म्हणाले.

"काय?"

"इथे फाटलीय. ताणून धरल्याशिवाय गाठ बसत नाही. धर."

वीस वर्षांचा असताना या आवाजाने सांगितलं की तो मैदानाला दहा फेऱ्या मारायचा. हात आपोआप पुढे गेले. कागद खिशात कोंबून रघूने दोन्ही हातांनी जाळी ताणून धरली. आणि असा तो तेवीस वर्षांत पहिल्यांदा लालपट्टीच्या गोलमागे उभा राहिला.

तेवढ्यात सरावाला टीम आली. एडविन पाटोळे पॅड बांधून, हेल्मेट घालून गोलमध्ये येऊन उभा राहिला. उंच, सडपातळ पोरगा, अहिल्यानगरकडचा, इथे खोली घेऊन राहणारा. रघूने मुद्दाम मान फिरवली. एडविननेही मागे बघितलं नाही. बघा! हाच तो माज.

पेनल्टी कॉर्नरचा सराव सुरू झाला. "डावा खांब धर! सोडू नको!" एडविन ओरडला. डाव्या खांबाजवळचा फुलबॅक बॉल यायच्या आतच पुढे धावला. मोकळ्या जागेतून बॉल सणसणत आत आला आणि फळीवर आदळला.

धाड!

रघूच्या नडगीपासून वीतभर अंतरावर. तो केवढ्याने दचकला! समोरच्यांची फळी वाजते तेव्हा ढोल वाजतात. ही वाजली आणि एवढ्या मोठ्या मैदानावर कुणी काही बोललं नाही.

दुसरा बॉल. पुन्हा तेच. खांब मोकळा, एडविन उजवीकडून आडवा झेपावला, बोटभर कमी पडला. धाड!

तिसऱ्याला रघूच्या सहनशक्तीचा बांध फुटला. "अरे ए बावळटा!" तो त्या फुलबॅकवर ओरडला. "गोली घसा फोडून सांगतोय, खांब धर! पाय आहेत का स्प्रिंगा?" मग त्याला बॉल फिरलेला दिसला. "एडविन, डावीकडे! डावीकडे बघ!"

एडविनने बघितलं नाही. मान तसूभरही हलली नाही. बॉल डावीकडूनच आत गेला.

"बघितलंत?" रघू मास्तरांवर उसळला. "बघितलंत ना? तीन हातांवरून ओरडतोय मी! हेच लिहिलंय कागदात. हा उद्दामपणा नाही तर काय आहे?"

"जाळी सोडू नकोस," मास्तर म्हणाले.

एडविन फळीजवळचा बॉल घ्यायला वाकला. रघूने जाळीतून तोंड पुढे काढलं. "काय रे? बहिरा आहेस का? तुला हाका मारतोय मी!"

एडविन त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याने हेल्मेट काढलं. डाव्या कानात बोट घातलं आणि कापसाचा एक बोळा बाहेर काढला. मग उजव्या कानातला.

"काय म्हणालात, काका?"

"हे काय आहे?" रघूने विचारलं.

"कापूस."

"दिसतंय मला कापूस आहे. कशाला?"

एडविनने एकदा मास्तरांकडे बघितलं. मास्तर गाठीकडे बघत होते.

"मॅचला लागतो. म्हणून सरावालाही घालतो, सवय राहते."

"आणि तुझे बॅक काय सांगतात ते कसं ऐकू येतं?"

"नाही येत ना," एडविन म्हणाला. "त्यातच तीनचार गोल गेले. पण कापूस नसला की त्याहून जास्त जातात. मागे उभे असतात ना."

"कोण?"

"त्यांची माणसं. आपली तिकडे असतात, झेंड्याजवळ. इकडची जागा मोकळीच राहते." तो तक्रार करत नव्हता. मैदानाची लांबीरुंदी सांगावी तसं सांगत होता. "पूर्ण वेळ बोलतात. माझ्यावरून बोलले तर काही वाटत नाही, काका. पण आई गेल्यापासून तिच्यावरून बोलतात. ती कशी गेली, शेवटी कशी ओरडत होती... त्यांना कुठून कळलं कोण जाणे."

रघूचे हात जाळीत तसेच राहिले.

"आई... कधी गेली?"

"पहिल्या मॅचच्या आधी. तेरा दिवस झाले होते त्या मॅचला."

एकशे बारा सह्यांतल्या एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं. वाघचौरेला प्रत्येक टीमचे गोल पाठ होते, त्यालाही नव्हतं. समोरच्यांना मात्र होतं. सहाही मॅचना होतं.

एडविनने एवढंच विचारलं, "तुम्ही मला काही सांगत होतात?"

"काही नाही," रघू म्हणाला. "डावीकडे बघ, म्हणत होतो."

"बरं, काका." पोराने बोळे पुन्हा कानात घातले, हेल्मेट चढवलं आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

रघू मास्तरांकडे वळला. राग गेला नव्हता. उलट आता कुठे तो खरा पेटला होता. फक्त कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून जवळ होते त्यांच्यावर निघाला.

"तुम्हाला ठाऊक होतं! रोज इथे बसता तुम्ही, सगळं ऐकता, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीत? मी मूर्खासारखा ढोल बडवत फिरतोय त्या टोकाला! एकदा म्हणायचं होतं, रघू, इकडे ये म्हणून!"

"पहिल्या वर्षी म्हणालो होतो."

रघू थबकला.

"तू म्हणालास, मास्तर, रीत मोडली तर टीम हरेल."

त्याला आठवलं. म्हणाला होता. हसत हसत म्हणाला होता, आणि मास्तरांच्या समोरच झेंडा उचलून चालू लागला होता.

धाड! फळी पुन्हा वाजली. रघूने डोळे मिटून घेतले. ओट्यावर फुटलेली बशी, दोन रेघा मारलेला तिसरा मुद्दा, दोरीला टेकून मारलेली ती हाक, सगळं एकदम अंगावर आलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला. हात जाळीत अडकले होते म्हणून राहिलं.

मास्तरांनी शेवटची गाठ आवळली, दातांनी दोरी तोडली, आणि हात पुसून पुढे केला.

"आण."

"काय?"

"कागद."

"राहू दे मास्तर... आता कशाला..."

"आण म्हणतो ना!"

रघूने खिशातून चुरगळलेला कागद काढला. मास्तरांनी तो मांडीवर सपाट केला. तिन्ही मुद्दे सावकाश वाचले. मग रघूच्याच खिशातलं पेन घेतलं आणि एकशे बारा सह्यांच्या खाली, वाकड्या बोटांनी, पूर्ण सही केली. गुलाब हसन मुल्ला. खाली तारीखही घातली.

रघू बघतच राहिला. "मास्तर, तुम्ही... सही केलीत?"

मास्तरांनी कागदाची नीट घडी घातली, त्याच्या हातात ठेवली आणि गोलमध्ये पाठमोऱ्या उभ्या असलेल्या पोराकडे मान हलवली.

"तुला हवी होती, दिली. आता कमिटीच्या आधी त्याच्याकडे जा. कापूस काढायला सांग. मग वाचून दाखव."