बापाची सही

खरवडीच्या रत्नमालाचा नवरा न्यूझीलंडला गाईंच्या गोठ्यावर कामाला होता. तिलाही तिकडं जायचं होतं, पण तिकडच्या सरकारला आधी इथल्या पोलिसांचा दाखला हवा, की या बाईवर कसला गुन्हा नाही. सोमवारच्या आत कागद गेला नाही तर अर्ज बाद, आणि पुन्हा वर्षभर नवरा तिकडं, बायको इकडं.

गावच्या पोलीस पाटलानं तिची वर्तणूक चांगली असल्याचं लिहून दिलं आणि तिच्यासोबत ठाण्यातही आला. फौजदार तिथं चार वर्षांचा जुना, पण ऐट रोज नवी. त्यानं सही वाचून कागद टेबलावर भिरकावला.

"पोलीस पाटील तुझा बापच ना? बाप कधी पोरीला वाईट म्हणतो का? ही सही चालायची नाही."

रत्नमाला म्हणाली, "साहेब, जत्रेत माझ्या भावानं बँडवाल्याला मारलं, तेव्हा तुम्हाला खबर या पाटलांनीच लिहून दिली, भावाला इथं आणलंही यांनीच. त्या कागदावर हीच सही होती. तेव्हा बाप आडवा आला नाही. भावाला तुम्ही लगेच आत टाकलंत."

हवालदार खाली बघून हसायला लागले. फौजदारानं कागद परत उचलला.

"पाटील, हिनं तसलं काही केलं असतं तर?"

"हिलाही घेऊन आलो असतो," पाटील म्हणाला. "वाट पायाखालची आहे."

फौजदारानं शिक्का मागवला.