राणीच्या पानातला पाला

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कावळ्यांना बोलता येत असे आणि, त्याहून नवल म्हणजे, माणसांना ऐकून घेता येत असे.

नदीकाठी एक नगर होतं. नगरात राजा होता, राणी होती आणि त्यांची एक लहानगी लेक होती. नगराचं सगळं ठीक चाललं होतं. फक्त त्यांची संध्याकाळ हरवली होती.

हसू नका, खरंच हरवली होती. दिवसा सगळ्यांना स्वच्छ दिसे. पण सूर्य टेकडीआड गेला, की डोळ्यांपुढे करडं धुकं उतरे. दिवा लावला तरी नुसता पिवळा डाग दिसे, दिव्याशेजारचं माणूस दिसत नसे. म्हणून गल्लीगल्लीतून दोऱ्या बांधल्या होत्या. ज्याला उशीर होई तो दोरी चाचपत घरी जाई. प्रत्येक दारापुढे दोरीला वेगळी गाठ असे. सोनाराची बारीक, कुंभाराची जाड. आपली गाठ हाताला लागली की माणूस म्हणे, "आलो गं!" आणि आतून कोणीतरी म्हणे, "उंबरा आहे, जपून."

आणि आकाशात चांदण्या नव्हत्या. म्हणजे असतील, पण कोणाला दिसत नव्हत्या. म्हाताऱ्या बायका नातवंडांना सांगत, "चांदण्या माहेरी गेल्यात रे. येतील." कधी येतील, ते मात्र कोणी सांगत नसे.

राणीच्या लेकीची नजर तेवढी अजून शाबूत होती. रोज तिन्हीसांजेला मायलेकी गच्चीवर बसत. लेक खाली नदीकडे कधी बघत नसे, वर बघून सांगे, "आई, मोठी आली. आता दोन जुळ्या आल्या. आता तर सांडल्याच गं सगळ्या!" राणी आकाशाकडे तोंड करून ऐकत राही. तिला दिसे ते करडं धुकंच. पण लेक सांगे आणि तिला चांदण्यात बसल्यासारखं वाटे. दिवसभरात तिला एवढंच सुख होतं.

राजवैद्याला या आजाराचं औषध ठाऊक होतं. ते दूर कुठे डोंगरात नव्हतं, घरोघरी परसात उभं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"महाराज," वैद्य म्हणाला, "शेवग्याच्या पाल्याची भाजी रोजच्या जेवणात येऊ द्या. पूर्वी आपल्याकडे सगळे खात. आता कोणी खात नाही. डोळ्यांना जे हवं तेच पोटात जात नाही, मग डोळे तरी काय करतील?"

राजा भला माणूस. त्यानं लगेच दवंडी पिटवली, की सगळ्यांनी शेवग्याचा पाला औषध म्हणून खावा. लोकांनी नाक दाबून तो खाल्ला आणि काही दिवसांत सोडून दिला. औषध कोणी जन्मभर आवडीनं खातं का?

मग राजानं पाल्याच्या जुड्या फुकट घरपोच केल्या. त्या शेळ्यांच्या पुढ्यात गेल्या. नगरातल्या शेळ्यांची नजर अशी काही तेज झाली, की काळोखातही त्या बांधावरून उड्या मारत घरी येत आणि त्यांचे मालक त्यांचं शेपूट धरून मागून येत.

शेवटी राजानं दरबार भरवला आणि विचारलं, "भाजी खाता ना रे सगळे?"

"खातो, महाराज!" दरबार एका आवाजात म्हणाला.

पण एकेकाला बाजूला घेऊन विचारावं तर निराळंच. एक म्हणे, आम्हाला आवडते हो, पण पाला निवडत बसायला वेळ कुठे आहे? दुसरा म्हणे, मी खाईन, पण घरात कोणी खात नाही. तिसरा म्हणे, आमचं काही नाही, पण पाहुणे आले तर काय म्हणतील? सगळी कारणं खरी वाटत आणि एकही खरं नव्हतं. माणसाला दहा प्रश्न विचारा, तो दहा उत्तरं देईल. पण तो काय खातो आणि का खातो, हे बहुधा त्याचं त्यालाही माहीत नसतं.

राणी हे सगळं ऐके आणि खाली बघे. तीही भरल्या दरबारात पाल्याचा एक घास खाऊन दाखवत असे.

अशात एका संध्याकाळी मायलेकी गच्चीवर बसल्या होत्या.

"काय गं, आज किती आल्या?" राणीनं विचारलं.

"आई, आज आल्याच नाहीत."

मग जरा वेळानं तिचा बारीक आवाज आला, "आई, तू कुठे आहेस?"

राणी तिच्या शेजारीच बसली होती. तिनं लेकीला छातीशी धरलं. दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. राणीला वाटलं, आपण तर हरवलोच होतो, आता पोरही हरवली. ती रडली, आणि लेकीला कळू नये म्हणून आवाज न करता रडली.

सकाळी तिनं लेकीच्या तोंडाशी पाल्याचा घास नेला. लेकीनं तो थुंकून टाकला. राणी रागावली, तिनं विनवलं, गूळ देते म्हणाली. लेकीनं दात घट्ट आवळून घेतले. राणीनं हताश होऊन वाटी खिडकीत ठेवली, तोच एक म्हातारा कावळा येऊन पाला गपागप खाऊ लागला.

"तुला बरा आवडतो," राणी म्हणाली.

"आवडायला काय झालं?" कावळा चोच पुसत म्हणाला. "गावभरचा टाकलेला पाला आम्हीच तर खातो. म्हणून तर आमच्यातलं कोणी संध्याकाळी घरटं चुकत नाही. पण राणीबाई, एक सांगू? रोज सकाळी पहिला पाला मला याच खिडकीत मिळतो. तुमच्या पानातला."

राणी लाजली. "मी खाते. दरबारात सगळ्यांसमोर खाते."

"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे," कावळा म्हणाला. "लोक तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, राणीबाई. लोक तुमच्या पानाकडे बघतात. आज नाही, तुम्ही या घरात आलात त्या पहिल्या पंगतीपासून बघतायत. तेव्हा मी वर आंब्यावरच बसलो होतो. तुम्ही विसरलात?"

राणी विसरली नव्हती. ती नदीपलीकडच्या नावाड्यांच्या वाडीतली. राजानं तिला नाव वल्हवताना पाहिलं आणि मागणी घातली. लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीत पंचवीस पदार्थ होते, पण नव्या नवरीला घरची आठवण येत होती. तिनं हळूच वाढप्याला विचारलं, "शेवग्याच्या पाल्याची भाजी आहे का हो?" वाढप्यानं कौतुकानं आणून वाढली. तेव्हा ती त्या नगरातही घरोघरी होत असे.

समोर राजाची आत्या बसली होती. आत्याबाईंनी नाक मुरडलं. "अगोबाई, राजाच्या पंगतीत शेळीचा चारा?"

पंगत हसली. आणि नवी नवरीही हसली. घाईघाईनं हसली, भाजी पानाच्या कडेला सारली आणि म्हणाली, "आमच्याकडेसुद्धा शेळ्यांनाच घालतात."

एवढंच झालं. कोणी मनाई केली नाही, दवंडी पिटली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून राजवाड्यात ती भाजी शिजली नाही. मग प्रधानाच्या घरी शिजेना, मग सावकाराच्या, मग शिंप्याच्या. जो तो आपल्यापेक्षा वरच्याच्या पानात डोकावत होता. शेवगे परसात तसेच हिरवे राहिले आणि चांदण्या एकेक करून निघून गेल्या. राणीनंही मग माहेरचं नाव काढलं नाही. ज्या भाजीला शेळीचा चारा म्हटलं, ती रांधणाऱ्या आईपुढे जायचं कोणत्या तोंडानं?

"आता मी काय करू?" राणीनं कावळ्याला विचारलं.

"मला काय विचारता? भूक लागली की माणसं आईकडे जातात," कावळा म्हणाला आणि उडून गेला.

राणीनं लेकीचा हात धरला आणि घाट गाठला. ती वल्हवणं विसरली नव्हती. नदीवर सकाळचं धुकं होतं, नाव त्यातून स्वप्नातल्यासारखी सरकत होती, आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी आधीच उभं होतं. जवळ गेल्यावर राणीनं ओळखलं. तिची आईच होती ती.

आई रागावली नाही, त्यानंच राणीला जास्त लागलं. आईनं नातीच्या गालावरून हात फिरवला, राणीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "किती गं वाळलीस! आधी जेव."

चुलीपाशी बसून आईनं पाला खुडला. तेलात कांदा, हिरवी मिरची, त्यावर पाला, थोडी भिजवलेली डाळ, वरून ओलं खोबरं. तव्यावर नाचणीची भाकरी फुगली. तो वास आला आणि राणीचं राणीपण गळून पडलं. ती मांडी घालून बसली आणि जेवली. बोटं चाटून जेवली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबली नाही.

"तुला तिकडे चांगलंचुंगलं खायला मिळत असेल," आई म्हणाली, "म्हणून आमची आठवण येत नसेल, असं वाटायचं मला. तरी रोज तिन्हीसांजेला घाटावर दिवा लावते. म्हटलं, तुझ्या गच्चीवरून दिसत असेल. दिसतो ना गं?"

राणीनं हातातला घास पानात ठेवला. "आई, मला काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "या पाल्याला मी शेळीचा चारा म्हटलं, त्या दिवसापासून नाही दिसत."

आईनं राणीच्या पानात आणखी भाजी वाढली.

आणि लेक? लेक टक लावून आपल्या आईकडे बघत होती. आईला असं जेवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती सरकत सरकत जवळ आली, आईच्या पानात बोट घातलं, चाटलं आणि म्हणाली, "मलाही दे ना."

सकाळी जो घास गुळाची लालूच दाखवूनही आत गेला नव्हता, तो आता न सांगता मागितला जात होता. राणी थबकली. मग तिला सगळं कळलं. इतके दिवस आपण 'खा, खा' म्हणत होतो, स्वतः मात्र खात नव्हतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी राजवाड्यात त्याच अंगणात, त्याच आंब्याखाली पंगत बसली. राणीची आई भाजीचं मडकं घेऊन आली. आत्याबाई समोरच होत्या. पहिला घास घेण्याआधी राणी म्हणाली, "ही माझ्या आईच्या हातची भाजी. हिच्यावर मी वाढले. त्या पहिल्या पंगतीत मला हीच हवी होती, पण तुम्ही हसाल म्हणून मी खोटं हसले. आज मला हसू येत नाही, भूक लागलीय."

इतकं बोलून ती जेवायला लागली. कोणाला आग्रह नाही, उपदेश नाही. शेजारी लेक जेवत होती. राजानं बायकोच्या पानाकडे बघितलं, मग आपल्या पानाकडे बघितलं आणि सासूला म्हणाला, "आई, मलाही वाढा."

मग काय विचारता! प्रधानानं मागितली, सावकारानं मागितली. आत्याबाई शेवटपर्यंत ताठ बसल्या. पण वासापुढे कोणाचं काय चालतं? "चव बघते फक्त," त्या म्हणाल्या. चव बघितली. "मीठ जरा कमी आहे," म्हणाल्या. आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पुढचं तुम्हीच ओळखा. जी भाजी दवंडीनं घरात शिरली नव्हती, ती पाहता पाहता पानांत आली. आधी प्रधानाच्या, मग सावकाराच्या, मग शिंप्याच्या. बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तुम्ही डाळ घालता की नाही?" शेळ्या तेवढ्या नाराज झाल्या.

दिवस गेले. एका तिन्हीसांजेला मायलेकी नेहमीसारख्या गच्चीवर बसल्या होत्या. अचानक लेक ताडकन उठली.

"आई, एक आली! पण ही वर नाही गं, खाली आहे. नदीपलीकडे."

राणीनं तिकडे बघितलं. करडं धुकं विरत होतं आणि त्यातून एक इवलासा ठिपका थरथरत वर येत होता. ती चांदणी नव्हती. घाटावर तिच्या आईनं लावलेला दिवा होता. इतकी वर्षं रोज तो तिथेच होता.

राणीनं ओंजळीत तोंड लपवलं. मग मान वर केली, तर शेजारी लेकीचं तोंड दिसत होतं. संध्याकाळच्या उजेडात, स्वच्छ. हनुवटीला दुपारच्या भाजीचं एक पान चिकटलेलं होतं. राणीनं ते पुसलं नाही, नुसती बघत राहिली. आणि वर, एकेक करून, चांदण्या माहेराहून परत येत होत्या.

खाली गल्लीतून लोक दोऱ्यांच्या गाठी सोडत होते.

तात्पर्य : 'हे खा' म्हटल्यानं माणूस खात नाही, आपलं माणूस जे लाज न बाळगता, मनापासून खाताना दिसतं, तेच तो आपल्या पानात वाढून घेतो.