अग्निपक्ष्याची वही

फार जुनी गोष्ट आहे. म्हणजे मी कोरी होते तेव्हाची. मी एवढीशी, खिशात मावणारी वही, पण माझ्या मुखपृष्ठावर रशियन लोककथेतला सोनेरी अग्निपक्षी होता. त्यामुळे माझ्यात फक्त कविताच लिहिली जाणार, अशी माझी ठाम समजूत होती. कुणी किराण्याचं काही लिहायला गेलं की मी पानं घट्ट मिटून घ्यायची. माझ्या मालकीणबाई मृदुलाताईही म्हणायच्या, "राहू दे, खराब होईल."

मग त्यांच्या यजमानांच्या, दिगंबररावांच्या, घशाचं ऑपरेशन झालं. त्यांना बोलता येईना. दुसऱ्या दिवशी ते कासावीस होऊन हातवारे करू लागले.

"पाणी हवंय का? उशी देऊ?" मृदुलाताईंना काही कळेना. घाबरून त्यांनी पर्समधून मला आणि पेन्सिलीला काढून दिगंबररावांच्या हातात दिलं.

मी सवयीने पानं मिटली.

"अगं, उघड की!" पेन्सिल ओरडली. "माणूस गुदमरतोय!"

"पण पहिली ओळ सुंदर हवी," मी म्हणाले. खरंच, असं म्हणाले मी!

पेन्सिलीने टोक खुपसून मला उघडलं. वेड्यावाकड्या अक्षरांत उमटलं, 'श्वास अडकतोय.' मृदुलाताई धावल्या, नर्स आली, आणि दिगंबररावांना मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी त्यांनी दुसरी ओळ लिहिली, 'पाठ खाजव.'

ती वाचून मृदुलाताई हसल्या आणि हसता हसता रडल्या.

"काय बाई, आवडली का ओळ?" पेन्सिलीने विचारलं.

मी तोवर पुढचं पान उघडून बसले होते.