वैशाखातली ज्वारी

माझ्या पणजीच्याही आधीच्या काळात एका बाभळीवर सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. त्यांची म्हातारी आत्याबाई शेंड्यावर पहाऱ्याला बसायची. एकदा झाडाखाली ज्वारीचा ढीग दिसला. सगळे झेपावणार, तोच ती किंचाळली, "थांबा! वैशाखात रानात कुसळ उरलं नाही, मग ही ज्वारी आली कुठून?"

"आत्याबाई, जेवणावर तरी ओरडू नका!"

"ओरडणारच! आधी कावळ्याला सांगा. माणसांच्या खोड्या त्याला कळतात."

कावळा आला. त्याने वरून ढिगावर खडा टाकला आणि दाण्यांखालचं जाळं फटकन मिटलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई पुन्हा ओरडली. सगळे भुर्रकन उडाले. निघालं काय, तर वाऱ्याने हललेलं वाळकं पान. "चुकलं माझं," असं ती म्हणाली नाही, आणि तिला तसं कुणी म्हणायलाही लावलं नाही. सगळे परत येऊन निवांत पंख साफ करत बसले.