उलट्या दारांचा सुतार

“येणार की नाही, तेवढं एकदा सांगून टाका, बुवा!”

विलासराव निकमानं पुन्हा विचारलं. सोसायटीचा चेअरमन माणूस. एकच गोष्ट दोनदा विचारायची त्याला सवय नव्हती.

भुवनगीर गोसावी धुनीपुढं बसून चिलीम साफ करत होते. वर न बघताच म्हणाले, “कशाला यायचं?”

“कशाला म्हणजे? उद्या आबांचं वर्षश्राद्ध. चौकात त्यांच्या नावाचा दगड बसवलाय. आमदार येणार आहेत. माझा बाप जन्मभर तुमच्या मठाची पायरी चढला. तुम्ही चार माणसांत चार शब्द बोलायला नकोत?”

“काय कोरलंस दगडावर?”

विलासराव सावरून बसला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

“‘शूरवीर हवालदार रायाजी निकम.’ वर त्यांचा लढाईतला बिल्ला. शत्रूच्या गावात एकट्यानं मोर्चा राखला, तेही घातलंय.”

“आणि सुतार?”

“ते नाही घातलं.”

“का रे? बंदूक तरुणपणी धरली, ती सोडली. रंधा मरेपर्यंत हातात होता.”

विलासराव मनाशी चरफडला. या म्हाताऱ्याला काय सांगायचं, कप्पाळ! पलटणीतून परत आलेला मराठा गडी, घरची जमीन, आणि बसला लाकडं तासत. भावकीनं नावं ठेवली ती ठेवलीच. बरं, तासायची तर सरळ तासावीत की नाही? गावातली झाडून सगळी दारं आत उघडतात. आबांनी केलेलं दार मात्र बाहेर उघडायचं. पाहुणा उंबऱ्याशी आला की त्याच्या तोंडावर फळी! लोक म्हणायचे, निकमाचं दार आधी थोबाडीत देतं आणि मग ‘या’ म्हणतं. कोणी आत उघडणारं दार मागितलं तर आबा सरळ सांगायचे, दुसरा सुतार बघा. शाळेत पोरं विलासला ‘उलट्या सुताराचा’ म्हणून चिडवायची. ते त्याला अजून झोंबत होतं.

“लोक हसायचे, बुवा. मेल्यावर तरी हसू नयेत.”

“कधी विचारलंस त्याला, दारं अशी का करतोस म्हणून?”

“विचारलं की. ‘माझी खोड आहे’ म्हणाले.”

“खोड…”

बुवांनी चिलीम खाली ठेवली.

“आतल्या कोठीत धुपाटणं आहे. तेवढं आण जा.”

चेअरमनला काम सांगितलेलं रुचलं नाही, पण तो उठला. कोठी म्हणजे दगडी खोली. खिडकी नाही, झरोका नाही, एकफळी जुनं सागवानी दार. ते ढकलून तो आत गेला. धुपाटण्यात कडुनिंबाचा ओला पाला धुमसत होता. डासांसाठी ठेवला असावा. तो वाकला, आणि मागं दार लागलं.

मिट्ट काळोख झाला.

“बुवा, दार लागलं!”

उत्तर आलं नाही.

आधी तो हसला. मग धूर नाकातोंडात गेला. खोकल्याची उबळ आली, डोळ्यांना धारा लागल्या. ठेचकाळत दाराशी येऊन त्यानं धक्का दिला. दार हललं नाही. खांदा लावला, तरी नाही.

“अहो बुवा! मस्करी पुरे!”

मग त्यानं शिव्या दिल्या, गोसाव्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग शिव्याही संपल्या आणि ‘आई गं’ एवढंच उरलं. दाराला छाती लावून तो रेटत होता, नखं मारत होता. बाहेरून कोणीतरी ओरडत होतं, पण त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. आपण मरणार, एवढं मात्र पक्कं कळलं. दगड, आमदार, काही म्हणता काही आठवलं नाही. हवा पाहिजे होती, बस्स.

शेवटी पाय गेले. तो एका अंगाला कलंडला, आणि दार उघडलं. आतल्या बाजूला.

उंबऱ्यात बुवा धापा टाकत उभे होते. त्यांनी त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं, तांब्या तोंडाला लावला.

“कडी घातलीत तुम्ही!” आवाज फुटताच विलासराव किंचाळला. “मारायला निघाला होतात मला?”

“दार ओढून घेतलं, एवढंच. बाहेरून कडी आहे कुठं? बघ.”

कडी नव्हती.

“मग उघडलं का नाहीत?”

“उघडतच होतो. मी बाहेरून ढकलतोय, तू आतून ढकलतोयस. ‘मागं सर, मागं सर’ म्हणून घसा फोडला. ऐकतोस कुठं?”

विलासराव दाराकडं बघत राहिला. मघाशी आपणच तर ते ढकलून आत गेलो. बाहेर यायला नुसतं ओढायचं होतं… सुचलंच नाही.

“तुझ्या बापाला हुकूम होता,” बुवा म्हणाले. “परमुलखातलं गाव. एका घरात माणसं कोंडलेली, बायापोरं सगळी. वर छप्पर पेटवलेलं. गोरा साहेब म्हणाला, दाराशी उभा राहा, कोणी बाहेर येता कामा नये. तो उभा राहिला.”

“…मग?”

“मग त्याला राहवलं नाही. साहेब पुढं गेला तसं त्यानं दार ढकललं. पण तोवर आतली सगळी दाराला येऊन भिडलेली. तो ढकलतोय, ती ढकलतायत. ‘मागं सरा, मागं सरा’ म्हणून ओरडला, ओरडला…”

बुवा थांबले.

“मराठीत.”



“आणि तो बिल्ला?”

“त्याच गावाचा.”

विलासराव भिंतीला टेकला.

“त्या दारांनी कोणी वाचलं का हो, बुवा? आपल्या गावात तर कधी घर पेटलंच नाही.”

“नाही पेटलं.”

“मग इथं कशाला यायचे ते?”

“एकच मागायला. ‘बुवा, रायाजी त्या पापातून सुटला, असं म्हणा.’ दर अमावास्येला यायचा.”

“आणि तुम्ही?”

“चहा पाजायचो.”

“म्हणाला नाहीत?”

“नाही.”

विलासराव ताडकन उठला.

“काय गेलं असतं तुमचं? साधू म्हणवता! तुमच्या तोंडचा एक शब्द, आणि माझा बाप सुखानं मेला असता. शेवटच्या दिवशी आबा पडल्यापडल्या दोन्ही हातांनी हवा ढकलत होते हो… आम्हाला वाटलं, वात झालाय. मी… मी त्यांचे हात धरून ठेवले, बुवा. खाली दाबून ठेवले.”

चेअरमन लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. बुवांनी त्याला रडू दिलं.

मग तो पुढं झाला आणि त्यानं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“दगड उपटून टाकतो. आमदाराला येऊ नका म्हणून कळवतो. म्हणाल ते करतो. पण आता तरी म्हणा. माझ्या आबांसाठी म्हणा. सुटला, म्हणा…”

बुवांनी हळूच पाय मागं घेतले. त्याची हनुवटी वर केली, आणि धुरानं लाल झालेल्या त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले,

“आत मी नव्हतो, विलास. तू होतास. तूच म्हण.”