वाळूतलं पाणी

फार पूर्वी एका जंगलात वानरांचा कळप राहत असे. एका उन्हाळ्यात ओढा आटला. उरलेल्या डबक्यातलं हिरवं पाणी पिऊन भुरी वानरीचं पिल्लू आजारी पडलं. तेव्हा भुरी डबक्याशेजारची वाळू उकरू लागली.

कळपाचा म्होरक्या हुप्प्या फांदीवरून हसला, "काय गं, घूस झालीस की काय? आपल्या वाडवडिलांनी कधी जमीन उकरली नाही!"

"आणि त्यांची पिल्लं सगळी जगली का, दादा?" भुरी म्हणाली आणि उकरतच राहिली.

हळूहळू खड्ड्यात नितळ पाणी झिरपलं. ते पिऊन पिल्लू सावरलं, पुन्हा फांद्यांवर उड्या मारू लागलं. मग इतर आयाही वाळू उकरू लागल्या. हुप्प्या बरेच दिवस तोंड फिरवून बसला. शेवटी खाली उतरून तो पुटपुटला, "सरक जरा. माझे हात लांब आहेत, अजून खोल जाता येईल."