वाडग्यातली वरची पेज

शूर्पारक नगरात महीधर राजाचे राज्य चालू होते, त्या काळी बोधिसत्त्वाने खाडीकाठच्या एका होडी बांधणाऱ्याच्या घरी जन्म घेतला. वडील गेल्यावर घर आणि काम दोन्ही त्याच्याकडे आले. घरात आई सामा होती आणि धाकटा भाऊ चित्रक.

तिकडच्या होड्यांना खिळे नसत. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवत. एक जण होडीच्या आत बसे, दुसरा बाहेर. एकमेकांचे तोंड दिसत नसे. आतल्याने दोरी ओढली की बाहेरच्याने ताण धरायचा. बाहेर बोधिसत्त्व आणि आत चित्रक, असे कित्येक वर्षे चालले होते.

एकदा पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेले यवनांचे एक जहाज तापाने फणफणलेल्या एका खलाशाला वाळूवर टाकून निघून गेले. त्याचे नाव दियोन. बोधिसत्त्वाने त्याला उचलून घरी आणले आणि सामाने पेज पाजून त्याला उठवले. बरा झाल्यावरही तो गेला नाही, आणि त्याला जा असे कोणी म्हटलेही नाही. मोडकेतोडके बोलता बोलता तो सामाला आई म्हणू लागला. चित्रकाच्या पोटात दुखू लागले ते तेव्हापासून.

जळणाऱ्या माणसाला दुसरे काही दिसो न दिसो, शेजारच्या पानातले बरोबर दिसते. दियोनचे वाडगे काठोकाठ भरलेले असे, चित्रकाचे थोडे कमी. आणि एवढी पेज मिळूनही हा परका माणूस खाण्याआधी पहिली धार जमिनीवर ओतत असे. आई ते पाहायची आणि काही बोलायची नाही. लहानपणी आपल्या हातून चार शिते सांडली तरी ती रागवायची, हे चित्रकाला आठवे आणि त्याला अन्न गोड लागत नसे.

पुढे नव्या होडीचे काम निघाले, तेव्हा बोधिसत्त्वाने दियोनला आत बसवले आणि चित्रकाला फळ्यांना माशाचे तेल लावायला सांगितले. इथेच राहायचे तर त्याच्या हाताला काम हवे, असे तो म्हणाला. चित्रकाने मान हलवली. पण दादाने पलीकडून धरलेला ताण आता दुसऱ्याच्या हाताला लागत होता, हे त्याला सहन होईना.

रीत अशी होती की, आत बसून शिवणाऱ्यानेच नवी होडी पहिल्यांदा पैलतीरी न्यायची. आदल्या संध्याकाळी काठावर कोणी नाही असे पाहून चित्रकाने तळाजवळचा एक टाका सैल केला. पाणी शिरेल, यवनाचे हसे होईल, एवढेच तो मनाशी घोकत होता. दियोनला पोहता येत नाही, हे त्याने मनात येऊ दिले नाही.

सकाळी दियोनने वल्हे हाती घेतले आणि सामा पदर खोचून होडीत चढली. चित्रकाने पहिली होडी नेली, तेव्हाही ती अशीच चढली होती. ते फक्त आपल्यासाठी होते, असे तो आजवर समजत आला होता.

"आई, तू कशाला?" त्याने विचारले.

"पोरगा पहिल्यांदा होडी नेतोय. मी काय काठावर उभी राहू?"

होडी निघाली. चित्रकाने खरे सांगितले तर त्याचे काम कायमचे जाणार होते, कारण टाका सैल सोडणाऱ्याला त्या काठावर कोणी उभे करीत नसे. गप्प राहिले तर आई बुडणार होती. होडी भरतीच्या ओढीला लागली, तसा तो ओरडला, "मागे फिरा, मी टाका सोडलाय." आणि त्याने पाण्यात उडी घेतली.

दियोनने त्याला दंडाला धरून आत ओढले. होडीचा तळ कोरडा होता.

होडी परत काठाला लागली, तसे तिथले लोक कुजबुजू लागले. बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "सैल टाका पहाटेच माझ्या हाताला लागला. मी तो पुन्हा शिवला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस, दादा?"

"तू बोलावेस म्हणून." मग लोकांकडे वळून त्याने सांगितले की पुढची होडी चित्रक आतून शिवेल, आणि तिच्यात आपण स्वतः बसू.

चित्रकाला रडू आवरेना. इतके दिवस पोटात ठेवलेले सगळे त्याने आईसमोर ओकले. दियोनचे वाडगे नेहमी भरलेले आणि माझे कमी, असे तो म्हणाला.

सामा म्हणाली, "वरची पेज त्याच्या आईची असते रे. ती गेली, म्हणून तो तिला आधी वाढतो. तिच्या वाटची त्याच्यातून कशी काढू?"

त्या दुपारी चित्रकाने आपल्या वाडग्यातली पहिली धार दियोनच्या आईसाठी जमिनीवर ओतली. सामा त्याला रागावली नाही.

भिक्षूंना एवढे सांगून त्यांचे गुरू शास्ता थांबले. परदेशातून आलेल्या नव्या भिक्षूच्या पात्रात भिक्षा जास्त पडते, अशी सकाळपासून कुरकुर करणारा भिक्षू समोरच बसला होता. शास्ता त्याला म्हणाले, "तेव्हाचा चित्रक तू होतास. दियोन आज तुझ्या शेजारी बसला आहे. सामा म्हणजे तुम्हा दोघांना भिक्षा वाढणारी उपासिका, आणि होडी बांधणारा मीच होतो. दुसऱ्याचे पात्र भरलेले पाहून आनंद वाटणे, याला मुदिता म्हणतात. ती तू एकदा शिकला होतास."